वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह

मंगळवार, ८ मार्च २०११. पहाटे ४.५०. पाण्याच्या टाकीखाली बसून बूट धुतोय.

कालचं लिहूनच काढतो, नाहीतर डोकं फुटेल. काल दुपारी दोनला काएतानाआजीचं दफन होतं. पावणेदोनला नगरपालिकेतून निरोप — वरच्या गल्लीत पाइप फुटला, आबेलिनोच्या दारातच. पाणी बंद केलं, पाइप जोडला, चिखलाच्या हातांनीच धावत दफनभूमी गाठली. २.२५ झाले होते. खड्ड्याशी प्रार्थनेचं पुस्तक उघडून उभा कोण? आबेलिनो! चर्चच्या मंडळीचा पंच तो. पाळक मी! सगळ्यांसमोर म्हणाला, "आधी हात धुऊन या, पाळकसाहेब. माती आम्ही घालतोच आहोत, तुमची कशाला?"

लोक हसले. खड्ड्याशी हसले!

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "दशमांश देतो अख्ख्या पाळकासाठी. मिळालाय अर्धा."

लोक कमाईतून देतात त्या दशमांशाचे महिन्याला जमतात तीनशे लेम्पिरा. त्यात मका आला तर घेवडा येत नाही. म्हणून पहाटे नगरपालिकेचा पाणीवाला होऊन गावाला पाणी सोडतो आणि रविवारी उपदेश करतो. हौस नाही.

गुरुवार, १० मार्च

वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह रोज चावीचे चौदा आटे, म्हणजे चौदा फेरे उघडतो. आज अकरा. पाणी ५.१० ते ७.१०.

शनिवार, १२ मार्च

नऊ आटे. उन्हाळा आहे, कोणी काही विचारलं नाही.

मंगळवार, १५ मार्च

आता सगळं नीट सुचलंय. सात आट्यांवर पाणी वरच्या गल्लीत चढत नाही. मोटार लावून ओढावं लागतं. मोटार लावली की नगरपालिकेच्या कागदावर ती पाणीचोरी. मंडळीच्या कागदावर नुसती चोरी. आबेलिनोकडे पैसा आहे, धीर नाही. आणणारच मोटार! मग पाणीवाला म्हणून पकडीन आणि पाळक म्हणून शिस्तीखाली ठेवीन. तीन महिने मागचा बाक. प्रभुभोजन नाही. गाणंही नाही — गीत सुरू झालं की तोंड मिटून बसायचं. आणि त्याचा आवाज मंडळीत सगळ्यांत मोठा!

अर्धा पाळक म्हणे. दोन्ही अर्धे दाखवतो.

गल्लीतल्या बाकीच्यांचे हाल होतील. मंडळीतले बहुतेक तिथलेच. होऊ देत. तेही हसले होते.

शुक्रवार, १८ मार्च

सात आटे. लेओकादियामावशी रिकामी घागर घेऊन आडवी आली. "पाळकभाऊ, पाण्यासाठी प्रार्थना करा हो!" तिची सून म्हणाली, "प्रार्थना राहू द्या. चावी फिरवा आधी!" दोघी हसल्या. मीही हसलो.

रविवार, २० मार्च

उपासनेत पाण्यासाठी प्रार्थना केली. करावीच लागली. सगळ्यांत मोठं आमेन आबेलिनोचं. पण सोडणार नाही.

बुधवार, २३ मार्च

५.४० ला आबेलिनोच्या भिंतीला कान लावला. घरघर! मोटार! नगरपालिकेतल्या एर्सिलियाबाईंना उठवून आणलं, साक्षीची सही लागते. आबेलिनोने दार उघडलं. गुडघ्यापर्यंत भिजलेला, खांद्यावर नळी.

"या, या! कॉफी घेणार? आज पाणी आहे."

बाईंना हसू फुटलं. मी हसलो नाही. नळी अंगणातून सरळ बाहेर गल्लीत गेली होती. अकरा घरांच्या घागरी ओळीने लावलेल्या. लेओकादियामावशी ओरडली, "पाळकभाऊ, ऐकली बघा देवाने!"

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, हा सगळ्यांना देतोय. जाऊ द्या की."

"नियम," मी म्हणालो.

नोंद केली — मोटार एक, घर एक. घागरींसाठी कागदावर रकाना नाही.

शुक्रवार, २५ मार्च

शिस्तीचं पत्र तीनदा लिहिलं. 'शिस्तीखाली' की 'शिस्ती खाली'? शब्दकोश उघडला. जोडून. स्वतः नेऊन दिलं. आबेलिनोने उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"एक चूक नाही हो! मागचा बाक ना? बसतो की." घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "व्हॉल्व्ह मात्र एकदा बघा, पाळकसाहेब. आटे मोजून बघा."

आटे! हा शब्द त्याला कुठून? 'बघतो' म्हणून निघालो. मागे वळून पाहिलं नाही.

रविवार, २७ मार्च. सकाळी ९.

आबेलिनो मागच्या बाकावर बसला. त्याच्या शेजारी लेओकादियामावशी येऊन बसली. "आम्हीपण तेच पाणी प्यालो." मग तिची सून. मग अकराच्या अकरा घरं. बाक पुरला नाही, तेव्हा भिंतीला टेकून उभे राहिले. पुढचे सहा बाक रिकामे.

गीत सांगितलं. शिस्तीखालचे गात नाहीत. चारही कडवी मी एकटा गायलो.