खिळ्याला पाणी टेकेपर्यंत

११ फेब्रुवारी

आजही फक्त "हां." पाणी हवं? हां. दुखतंय? हां. नकोय का? हां!

वाचाबाई येऊन गेली. (बोलणं परत शिकवायला येते तिला मी हे नाव ठेवलंय.) चित्रांचे पत्ते आणले होते. दार, दिवा, कात्री. हिने कात्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे तोंड फिरवलं. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा हात गेला होता, तो परत आला. पाय येतोय. शब्द तेवढे आत अडकलेत. बायकोच्या तोंडून "अहो" ऐकायला माणूस असा तरसेल, हे कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

१३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "जे यायचं ते सुरुवातीला भराभर येतं. मग वेग मंदावतो." मी विचारलं — मंदावतो की थांबतो? ते चष्मा पुसत बसले.

जिन्यात मेहुणी कुजबुजली, "भाऊजी, डॉक्टर काहीतरी लपवताहेत. कुठेतरी पाणी मुरतंय."

पाणी मुरणं! उभा जन्म मी दुसरं काय मोजलं?

१६ फेब्रुवारी

रोपवाटिकेच्या मालकाचं काम घेतलं. नव्या वाफ्यांना पाणी किती आणि किती वेळाने द्यायचं, ते त्याला हवंय. घरात बसून तरी काय करणार?

पद्धत माझी नेहमीचीच. लोखंडी कडी दोन, एकात एक. पाणसळ लावून, समपातळीत ठोकून जमिनीत रुतवायची. दोन्हींत पाणी भरायचं. बाहेरच्या कड्यातलं आडवं पसरतं, पसरू दे. आतलं सरळ खाली उतरतं, तेवढंच मोजायचं. आतल्या कड्यात एक खिळा, टोक वर. पाणी उतरत उतरत टोकाला टेकलं की वेळ लिहायची, पुन्हा भरायचं. कोरडी माती आधी अधाशासारखी पिते — त्यावरून तिची तहान कळते. मग वेग कमी होत होत एका जागी ठरतो. त्यावरून कळतं, पाण्याला ती वाट किती देते. घाई करणारा पहिलाच आकडा धरतो आणि फसतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. जुन्या बाजारात मिळालेल्या, पहिली पानं नसलेल्या पुस्तकातून शिकलो.

घड्याळ माझ्याकडे, खिळा हिच्याकडे — अशी आमची वाटणी. ही वाकून बघायची आणि खच्चून ओरडायची, "टेकलं!" मी म्हणायचो, उशीर केलास. "अहो, तेवढ्यात माती काय पळून जाणार आहे?"

आज एकटा. घड्याळ बघितलं, खिळा बघितला — खिळा केव्हाच उघडा पडला होता. तोंडातून निघून गेलं, "अगं, बोल ना!"

मालक मागेच उभा. "कुणाशी बोलताय?"

"मातीशी."

"मग तिलाच विचारा की, किती पिते. मोजत कशाला बसलात?"

हसलो. कडी उपटली, गाडीत टाकली. वाटेत गाडी बाजूला घ्यावी लागली. रस्ता दिसेना.

२० फेब्रुवारी

साडू आले होते. ही शेजारच्याच खोलीत, दार उघडं, आणि हे म्हणतात, "पालथ्या घड्यावर पाणी आहे हो हे. आता मन घट्ट करा." चहा न विचारता वाटेला लावले!

पालथ्या घड्यात पाणी जात नाही, मान्य. पण हा घडा पालथा आहे, हे कोणी बघितलं?

चिवट चिकणमातीतसुद्धा मी कधी शून्य लिहिलेलं नाही. चाल मंदावते. एका जागी ठरते. थांबत नाही. — मातीबद्दल लिहितोय मी.

२२ फेब्रुवारी

वाचाबाई म्हणाली, "चित्रं राहू द्या आता. त्या रोजच्या कामात ओरडायच्या असा एखादा शब्द नाही का? सवयीचा, आपोआप येणारा?"

"नाही," म्हटलं.

खोटं बोललो. तो एकच शब्द शिल्लक आहे. तोही आला नाही, तर मग पुढे काय करून बघायचं?

२५ फेब्रुवारी

शेवटी परसात कडी ठोकली. हिची खुर्ची बाहेर आणली, खिळा नीट दिसेल अशी.

मेहुणी कमरेवर हात ठेवून उभी. "आजारी माणसालाही सुटी नाही का हो तुमच्या राज्यात?"

"तू छत्री धर."

पाणी उतरलं. हिची नजर खिळ्यावरून हलली नाही, हे मी शपथेवर सांगतो! टोक उघडं पडलं. ओठ हलले. काही नाही. मग ती रडली. मेहुणी छत्री टाकून तिला धरायला धावली. मी मान खाली घालून कड्यात पुन्हा पाणी भरत राहिलो. दुसरं काय येतं मला?

२६ फेब्रुवारी

नाही.

२७ फेब्रुवारी

नाही. पण खुर्ची बाहेर न्यायला उशीर झाला तेव्हा हिने स्वतः दाराकडे बोट दाखवलं.

१ मार्च

माती पिऊन तृप्त झालीय. एकेका भरण्याला फार वेळ लागतो. मी घड्याळाकडे बघतो, ही खिळ्याकडे. मेहुणीसुद्धा आता टोमणे मारत नाही. तेच जास्त लागतं.

२ मार्च

"टेकलं!"

घड्याळावरून नजर काढून वाकून पाहिलं. पाणी खिळ्याच्या चांगलं दोन बोटं वर होतं.

वेळ लिहिली. आकडा साफ चुकीचा आहे. खोडणार नाही.