देवीच्या तोंडून मायचा शब्द

माय,

परवाच्या रविवारी सकाळी आंघोळ करून मी तुझ्या देवीपुढे दिवा लावला आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ हात जोडून उभा राहिलो. तुझी सून, जिला तू पाहिलंच नाहीस, चुलीपासून ओरडली, "इतका वेळ काय मागून राह्यले? तिकडे मास्तर वाट पाहून राह्यले असतीन." मी टोपी घातली आणि शाळेकडे निघालो.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास इथे अहेरीत मास्तरांनी व्याख्यानं सुरू केली. मास्तर बौद्ध. देव मानत नाहीत, माणूस मानतात. महिन्यातून एकदा शाळेच्या खोलीत सतरंजी पसरते. कधी ग्रहणावर, कधी सापाच्या विषावर, कधी मनाच्या आजारांवर कोणी बोलतं. मी लाकूड डेपोतला कारकून, कपाळाला टिळा लावून पुढेच बसतो. मागच्या महिन्यात चंद्रपूरच्या डॉक्टरांनी अंगात येण्याबद्दल सांगितलं. जे बोलायची सोय नसते, ते मन कधीकधी दुसऱ्याच्या आवाजात बोलतं, म्हणाले. मागून एकजण ओरडला, "डॉक्टरसाहेब, देवी बायाच्याच अंगात काऊन येते? माणसाच्या अंगात दारू असते, तिले जागाच नाई म्हणून?" सगळे हसले. मला मात्र आपलं अंगण दिसत होतं.

चैत्रातली पूजा आहे. तुझे केस सुटलेत, तू घुमते आहेस. एरवी बाबांसमोर तुझा आवाज निघत नाही, आज बाबाच तुझ्या पायाशी वाकून विचारतात, "माय, काय चुकलं?" मला मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, गुरं राखायला ठेवायचं ठरलेलं आहे. तू गरजतेस, "या पोराले गुरामागं धाडशील तं तुया दारात परत येणार नाई. शाळेत टाक याले!" सकाळी बाबांनी मला शाळेत नेऊन बसवलं. संध्याकाळी तू सुपात तांदूळ निवडत होतीस. मी विचारलं, "माय, तूच म्हणलं ना?" "मी कायले म्हणू? देवी म्हणली. जाय, पाणी आण." पण मान वर केली नाहीस.

डॉक्टर गेल्यावर मास्तर म्हणाले, "भाऊ, पुढच्या खेपेले यावर तुमीच बोला. आमचं ऐकून लोक म्हणते, याहीले देवच नाई तं देवीचं काय समजते." जन्मभर मी शाळेचे उपकार देवीचे मानले. भर सभेत ते दुसऱ्या कोणाच्या पदरात टाकायचे, तर देवी रागावेल ही धास्ती होती. आणि लोक तुला हसतील, ही त्याहून मोठी.

तरी त्या रविवारी सभेत सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. दाराशी बसलेल्या एका बाईने विचारलं, "भाऊ, मंग थे देवी होती का तुमची माय?" मास्तरही माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "माय होती, बाई. माझी माय. घरात तिचं कोणी ऐकत नव्हतं, तिनं साऱ्या गावाले ऐकाले लावलं." इतक्या ताठ मानेने मी आजवर कुठेच बोललो नव्हतो.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हे पत्र टाकायचं कुठे तेही मला ठाऊक नाही. पण मास्तरांना जे सांगितलं नाही, ते तुला सांगतो. त्या सकाळी दिव्यापुढे मी काही मागत नव्हतो. देवीला आधीच सांगत होतो, की तुझं म्हणून जन्मभर जपलेलं श्रेय आज मी मायला देणार आहे, राग धरू नको.

दिलं, माय.