बाळाच्या नाळेची अट रद्द

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिवणकाम करणारी, गल्लीत बटणमावशी म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी मागे उभे नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो सुनेला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "आई, फ्रेम करून लावू या, अधूनमधून कामाला येईल." यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. का, ते कलम तीनमध्ये येईल. आधी सोपी कलमे उरकते.

कलम १. दुकान आणि वरच्या दोन खोल्या मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या नावे. "आई, सगळं एकच आहे ना," असे मुलाने म्हणू नये. एकच आहे, तर दोन नावे लागायला हरकत नसावी. शिवणयंत्र मुलाला. सुनेला बटण लावता येत नाही, आणि तिने शिकावे ही आशा मी सोडली आहे.

कलम २. मोठी कात्री नणंदेला. कागद कापायला नेऊन तिने ती कितीदा तरी बोथट केली. आता कायमचीच न्यावी, म्हणजे माझा जीव सुटेल. धाकट्या दिराला सुयांची डबी. माझ्या नवऱ्याला रक्ताचा आजार झाला, तेव्हा हाडातला मगज जुळतो का, ते पाहायला डॉक्टरांनी सख्ख्या भावाला तपासणीला बोलावले होते. "वहिनी, मला सुईची भीती वाटते हो," म्हणाला आणि आलाच नाही. आला असता तरी जुळलेच असते असे नाही, हे मला कळते. तरी डबी त्यालाच द्यावी.

कलम ३. जुळणारे कोणी मिळाले नाही आणि नवरा गेला. त्यामुळे सुनेला दिवस गेल्यावर एका कंपनीचा माणूस चकचकीत पुस्तिका घेऊन आला, तेव्हा मी त्याला उठूच दिले नाही. बाळ जन्मल्यावर नाळ फेकून देतात. तिच्यातल्या रक्तात स्टेम सेल असतात, त्यांपासून नवे रक्त तयार होऊ शकते. ते गोठवून आपल्या बाळासाठी राखून ठेवायचे. मला लगेच पटले, कारण जन्मभर मी तेच केले. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या कापडाचा उरलेला तुकडा बांधून दिला, पुढे ठिगळाला लागेल म्हणून. मी मृत्युपत्रात अट घालून टाकली: रक्त त्या कंपनीत ठेवले, तरच घर मिळेल.

सून भडकली नाही. भडकली असती तर मी जिंकले असते. ती स्टूल ओढून यंत्राजवळ बसली. "आई, तुम्ही बांधून दिलेले तुकडे किती जणांना लागले?"

खरे सांगायचे तर फार थोड्यांना. कापडच कच्चे असेल, तर तुकडाही कच्चाच निघे. बहुतेक ठिगळे मी चिंध्यांच्या पिशवीतून लावली, कोणाचा तुकडा कोणाला.

"माझ्या डॉक्टरीणबाई तेच सांगत होत्या. रक्तात जन्मजात दोष असला, तर ठेवलेल्यातही तो असणारच. घरात आत्ता कोणी आजारी असतं, तर गोष्ट वेगळी." मग म्हणाली, "बाबांना जुळेल असं कोणी दिलेलंच नव्हतं, आई. सगळ्यांनी आपापलं कुलपात ठेवलं, तर पुढच्यालाही मिळायचं नाही. नाळेच्या रक्ताच्या सार्वजनिक पेढीत देऊ. ज्याला जुळेल त्याला."

"आणि आपल्याच बाळाला लागलं तर?"

"लागू नये. लागलंच, तर आपणही त्याच दारात जाऊ. हमी कोणाकडेच नाही."

नवऱ्यासारखे बाळाचे होऊ नये, ही भीती अजूनही आहे, पण भीतीपोटी पोरांच्या घराला अट लावणे बरे नव्हे. अट रद्द. घर बिनशर्त. पेढीच्या संमतीपत्रावर दोघांनी काल सह्या केल्या. पेन माझे होते, हे नोंदवून ठेवते.

कलम ४. कंपनीच्या फीसाठी बाजूला काढलेली शिल्लक सुनेने बाळंतपणानंतर स्वतःवर उधळावी. मुलाने हिशेब मागू नये.

कलम ५. बाळ जन्मताच त्याच्या नाळेतले रक्त पेढीकडे जाईल. ते कोणाला लागेल, आम्हाला कधी कळणार नाही. पण कधीतरी, कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारखी एक बाई बसलेली असेल, आणि डॉक्टर बाहेर येऊन तिला म्हणतील, "जुळलं." हा शब्द ऐकायला मी फार वाट पाहिली. मला तो मिळाला नाही. तो मी तिच्या नावे करते.

स्थळ: दुकानाच्या वरची पुढची खोली
दिनांक: बाळंतपणाच्या तारखेआधीचा रविवार
सही: बटणमावशी

साक्षीदार, दोघांसमक्ष वाचून दाखवले:
१. समोरचे घड्याळजी
२. डॉक्टरीणबाई