कबुतराच्या खोलीची किल्ली

१३ जुलै ६४, सोमवार
बावीस वर्सं किल्ली यायच्या करदोट्याले. झोपतानाही काढत नव्हते. आत जशी तिजोरी. आत काय, तर कबुतरं. अंगण, ओसरी, गोठा, चूल, सारं माह्या हातचं, सारवलं नाही अशी जागा नाही घरात. फक्त परसातली ती एक खोली. लग्न झालं ते पहिलं वर्स उघडी होती, मंग कुलूप लागलं. दाराजवळ गेली की हे म्हणत, तू राहू दे. काऊन राहू दे? बायको काय उष्टी करते? कधी सांगितलं नाही. फाल्गुनात यायले लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तवा किल्ली म्या सोडून घेतली. आत पाहते तर जमिनीवर राख अन् धूळ. बावीस वर्सात शेणाचा हात नाही. माह्याच घरात अशी जागा. लाज वाटली.

तवापासून दर सोमवारी सारवते. आजही सारवलं. बादली उचलली की हे बाजेवरून ओरडतात. आ आ करतात, डावा हात आपटतात. खोली माह्याकडे आली त्याचा राग. असू दे राग.

पण कबुतरं मरून राह्यले. उन्हाळ्यात ठीक होते. मिरग लागला अन् सुरू झालं. आज मेले २. राह्यले ३१.

ही वही यायचीच. पुढून यायनं मोडीत लिवलेलं हाय, कबुतराचंच काहीतरी. मले मोडी येत नाही. तिसरीपर्यंत शाळा, तेही बालबोध. म्हणून मागून लिवते. कोरी पानं वाया काऊन घालवायची.

१९ जुलै, रविवार
नामदेव भाऊजी आले. यायचे धाकटे भाऊ, वावर तेच पाहतात. ओसरीवर बसून म्हणे, 'वहिनी, औषध परसात अन् तुमी वैद्य धुंडता. कबुतराचा रस्सा पाजा दादाले, लकवा उठून पळते. आखाड हाय, चालते. तसेही मरूनच तर राह्यले.'
मी म्हटलं कापा.
कापलं. आतडं सोडलं तर आत पांढऱ्या शेवया. भरगच्च. हलत होत्या. भाऊजीनं सुरी टाकली अन् मोरीवर जाऊन बसले.
यायची बाज परसाच्या दारासमोर. सारं पाहिलं यायनं. दिवसभर तोंड उघडलं नाही. दूध पाजलं ते ओठावरून मानेवर.
हे आता ठरलेलंच. कबुतर मेलं की त्या दिवशी घास घेत नाहीत. या महिन्यात किती दिवस झाले? हाडं वर आले. असंच चाललं तर आधी कोण जाते ते सांगता येत नाही.
राह्यले २७.

२२ जुलै, बुधवार
वावडिंग कुटून ज्वारीत मिसळलं, वर लसणाचं पाणी. माह्या पोरी आता सासरी, लहानपणी त्यायले जंत झाले की हेच देत होती, गुळात. कबुतराले गूळ कोण चारते. ज्वारी ज्वारी वेचून खाल्ली, वावडिंग तसंच.
धरून पाहिलं एक. छातीचं हाड सुरीसारखं लागलं हाताले. पंख पडलेले, हिरवी पातळ हगवण.
मे. २. राह्यले २५. हे उपाशी.

२४ जुलै, शुक्रवार
एक कबुतर घेऊन एसटीनं तालुक्याले गेली. ढोराचा दवाखाना. कंपौंडर हसला. म्हणे बैल आणा, म्हैस आणा, हे काय पदरात घेऊन आल्या. मी म्हटलं, तुह्या डॉक्टरले बोलाव, तू दात झाक.
डॉक्टर पोरसवदा. नागपूरकडचा. हसला नाही. जंत म्हणे, बाटली देल्ली. संध्याकाळपासून पाणी काढून घ्याचं, सकाळी या औषधाचंच पाणी, दुसरं काही नाही. पंधरा दिवसानं पुन्हा. पोटातले जंत पडतील, पण अंडे पडतात ते विष्ठेत राहतात. 'जागा साफ ठेवा, बाई.'
मले सांगते जागा साफ ठेवा. साऱ्या गावाले विचार माहं घर कसं असते.
घरी आली तर मे. २. राह्यले २३.

२७ जुलै, सोमवार
काल संध्याकाळी पाणी काढलं. आज औषधाचं देल्लं. दुपारपासून पडून राह्यले जंत. ढिगानं. अंगावर काटा आला, पण बरंही वाटलं. खराट्यानं ओढले, जाळले, अन् तिथंच दोन हात सारवलं, घट्ट शेणानं. डॉक्टरनं साफ म्हटलं तर आता सोमवार अन् गुरुवार, दोन डाव सारवीन.
यायनं ओरडून ओरडून घसा कोरडा केला. ओरडा.

५ ऑगस्ट, बुधवार
नऊ दिवस एकही नाही. २३ चे २३. हे अर्धी भाकर खातात दुधात कुस्करून. काल एक कबुतर बाजेच्या पायावर येऊन बसलं तर डाव्या हातानं बोट पुढे केलं यायनं. हसले वाटते. तोंड एकीकडं जाते, कळत नाही.
परवा सोमवारी मी बादली घेतली अन् निघाली, तर उशाचा तांब्या फेकला. माह्या नडगीले लागला. टेंगूळ आलं. जनमभर आवाज चढवला नाही या माणसानं अन् आता तांब्या मारतात. रडली थोडी. मंग सारवलं.

९ ऑगस्ट, रविवार
तीन दिवस पावसाची झड. चार दिवसात मे. ६. राह्यले १७.
हे पाणीसुद्धा घेईनात. भाऊजीले म्हटलं शपथ घाला तुमच्या भावाले. ते म्हणे, कोणाची घालू, ऐकत कोण हाय.

१० ऑगस्ट, सोमवार
दुसरं औषध. पुन्हा तेवढेच जंत. तेवढेच! पोटातले सारे गेले होते तर हे आले कुठून?

११ ऑगस्ट, मंगळवार
डॉक्टर गावात आला, बैलाले सुया टोचाले. चावडीवरून ओढून आणला. खोलीत वाकून आला अन् कबुतराकडं पाहिलंच नाही. खाली बसला, जमिनीवर तळवा दाबला. तळवा ओला.
'हे ओलं कशानं?'
'काल सारवलं.'
'त्याच्या आधी?'
'गुरुवारी. तुमीच म्हणले साफ ठेवा.'
 ओला हात पँटीलेच पुसला. मंग समजावलं. विष्ठेतले अंडे कोरड्यात वाळून मरतात. ओलीत, शेणात, उबेत जगतात. तिथंच आपण दाणे टाकतो, चोचीनं पुन्हा पोटात. म्हणे, 'तुमी वाफा करून पेरून राह्यल्या, बाई.'
औषधानं वरून काढले, म्या खालून चारले.
त्याच्या मागून बाहेर आली तर हे पाहून राह्यले होते. माह्याकडं नाही. माह्या हाताकडं.
राह्यले १४.

१२ ऑगस्ट, बुधवार. नागपंचमी
कुदळ घेतली. भाऊजी आडवे आले, 'वहिनी, आज जमीन खांदत नसते. आज तवासुद्धा ठेवत नाहीत.' मी म्हटलं, नागोबाले माह्या नावानं सांगा. चार बोटं माती खरडली. टोपल्या टोपल्या गावाबाहेर नेऊन टाकली. विष्ठा रॉकेल टाकून जाळली. चुना मारला, चुलीतली राख चाळून पसरली. दाणे आता लाकडी परातीत. खाली एक दाणा पडला तर उचलते.
राखेचं टोपलं घेऊन बाजेसमोरून गेली. तीन डाव गेली. हे एकदाही ओरडले नाहीत.
एकदाही नाही.
 पाच महिने तेच तर सांगून राह्यले होते.

१७ ऑगस्ट, सोमवार
मे. ३. राह्यले ११. डॉक्टर म्हणला होता, ज्यायचं आतडं सडलं ते जातीलच.
वही घेऊन जुन्या पटवाऱ्याकडं गेली. मोडी वाचणारे तेच एक राह्यले गावात. पहिलं पान काढून देल्लं. चष्मा पुसला, वाचलं. मी दोनदा वाचाले लावलं अन् घरी येईपर्यंत घोकत आली. हे असं हाय:
'पावसाळ्यापूर्वी जमीन खरडणे. राख, चुना. पाणी लागू न देणे. घरातून सारवण झाले. सोळा दगावली. बोललो नाही. वाईट वाटेल. कुलूप लावले.'
पटवाऱ्यानं वही मिटली अन् चहा सांगतो म्हणाले. मी उठून आली.

त्या साली मी सोळाची. हे खामगावले कापसाच्या जिनात कामाले जात, आठ आठ दिवस घरी नसत. मी मुद्दाम ती खोली सारवून ठेवी. आले की म्हणतील, बायको कामाची हाय. म्हणले नाहीत. कबुतरं कमी दिसले तवा विचारलं होतं म्या. म्हणले, खामगावच्या दोस्ताले देल्ले.

२४ ऑगस्ट, सोमवार
मे. २. राह्यले ९. औषध तिसऱ्यांदा देल्लं. जंत पडले, मोजून पाच-सात.
तो खामगावचा दोस्त आला. रहमानभाई, तेलाच्या गिरणीत हाय, त्याचेही कबुतरं हायेत. यायचा डावा हात धरून बसला खूप वेळ. निघताना दारात विचारलं म्या, बावीस वर्सामागं सोळा देल्ले होते का तुमाले यायनं? तो म्हणे, 'नाही भाभी. इनके यहाँ से तो मैंने एक पर भी नहीं लिया. मांगा था, दिया ही नहीं.'
मंग तोच म्हणे, उरलेले नऊ घेऊन जातो. त्याच्याकडं पक्की फरशी, दोन माणसं पाहाले. इथं राह्यले तर मरतील असं बोलला नाही, पण तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिंजरा घेऊन येतो म्हणे.
हे डोळे मिटून पडलेले. ऐकलं का नाही, माहीत नाही.

२९ ऑगस्ट, शनिवार
९ चे ९. हात कोरडे करून खोलीत जाते, आधी चपला बाहेर. हे वाटीभर पेज घेतात. माह्या हातून घेतात पण पाहत नाहीत. तोंडाकडं पाहत नाहीत. आधीही पाहत नव्हते का, आठवून राह्यली.

१ सप्टेंबर, मंगळवार
आजही ९. पण एक फुलून बसलेलं हाय कोपऱ्यात, दाणा खात नाही. जंत का आणखी काही, कोणाले विचारू.

दुपारी कोणी नव्हतं. बाजेवर बसली अन् सांगून टाकलं. म्हटलं, वही वाचली म्या. पटवाऱ्याकडून. डोळे उघडले यायनं.
म्हटलं, 'सोळा मारले तवा बोलले नाही तुमी. मले वाईट वाटेल म्हणून. बावीस वर्सं मी तुमाले मनात शिव्या देल्ल्या त्या कुलपापाई. तवा बोलता येत होतं न? एक शब्द. ओलं करू नको. एवढाच. कितीक कबुतरं वाचले असते, अन् मी...' 
यायच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून तर नेहमीच येते.
मंग कमरेची किल्ली सोडली. यायच्या डाव्या तळव्यावर ठेवली, बोटं मिटवली.
म्हटलं, 'मी काही ठरवत नाही आता. माह्यानं ठरवलेलं लय झालं. रहमानभाईले द्याचे असतील तर ही किल्ली माह्या हातात द्या. ठेवाचे असतील, मले पुन्हा त्या खोलीत जाऊ द्याचं असेल, तर उशीखाली सारा. डावा हात चालते तुमचा, तांब्या मारता येते. रविवारी पोळा हाय. सोमवारी पिंजरा येते. रविवारी बैल दारातून जाईपर्यंत मले जबाब पाहिजे.'
मूठ तशीच हाय. आता पाहून आली. मूठ छातीवर, किल्ली आत.
मधे चार दिवस. रविवारी बैल जाईपर्यंत. नाही म्हणा, हाव म्हणा, पण या डाव तरी सांगा.