बंद गळ्याचा कोट

गिरगाव, १४ एप्रिल २०२५

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

हॉस्पिटलच्या ड्यूटीवर तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेजारच्या हितेंद्रबरोबर हे पत्र. तुझ्या अण्णांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता राहवत नाही.

पाडव्याच्या शोभायात्रेत ते लग्नातला बंद गळ्याचा कोट घालून मिरवायला गेले. मान जाड झालीय, तरी गळ्याचा हूक लावलाच. कुणी हाक मारली म्हणून वळले आणि कोसळले. लगेच शुद्धीवर आले, वर हसत होते.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला कोट चढवून खुर्चीत बसतात, मान स्वयंपाकघराकडे वळवतात. चेहरा पांढराफटक पडतो. डोळे उघडले की म्हणतात, लक्ष्मी आली होती. वहिनीला जाऊन तीन वर्षं झाली गं! मी भुताखेतांना भीक घालत नाही. पण काल ओट्याकडे पाठ करून बसायची माझी छाती झाली नाही. हस हवं तर, पण उत्तर धाड.

या म्हाताऱ्यावर लोभ असू दे.

तुझा चिंतूकाका

परळ, १५ एप्रिल

ती. चिंतूकाकांस शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. काका, गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत मज्जातंतूंचे पहारेकरी असतात. रक्ताचा दाब वाढला की ते मेंदूला वर्दी देतात. मेंदू हृदयाला सबुरीनं घ्यायला लावतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो. दाब घटला की उलट. मांजरापासून म्हशीपर्यंत हेच. आपण झटकन उठलो तरी घेरी येत नाही, ती यांच्यामुळे. म्हातारपणी काहींचे फार हळवे होतात. मान वळवताना घट्ट गळपट्टी रुतली की खोटीच वर्दी जाते, हृदय क्षणभर थबकतं, मेंदूला रक्त पुरत नाही.

आई येत नाही, काका. अण्णा जातात. एखाद्या दिवशी परतणार नाहीत. कोट आजच काढून घ्या. उद्या सकाळी सुटले की येतेच, त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेऊ.

तुमची माया अशीच राहो.

रुचा

गिरगाव, १५ एप्रिल, दिवेलागण

चि. रुचास आशीर्वाद.

कोट दुपारीच बोहारणीला दिला. अण्णा रुसले, जेवेनात. समजूत पटावी म्हणून तुझं पत्र वाचून दाखवलं. पहारेकऱ्यांचा मजकूर पुन्हा वाचायला लावला. मग पोटभर जेवले. म्हणाले, पोरगी हुशार निघाली, काकावर नाही गेली. मला वाटलं, पटलं.

आता बघतो तर खुर्चीत, सदऱ्याची बटणं उघडी, बोटं गळ्यावर. जागा चाचपत होते. मी झडप घालून हात धरला. शांतपणे म्हणाले, चिंतू, सोड, ती दारात ताटकळलीय.

उजव्या हातानं लिहितोय, डाव्यात त्यांचा हात आहे. ते डोळे मिटून स्वस्थ पडलेत, श्वास चालू आहे. तरीही हात पलीकडून कुणी ओढावा तसा ताणला जातोय. हितेंद्र हे पत्र घेऊन टॅक्सीनं निघतोय, त्याच टॅक्सीत बस.

लोभाचं नंतर बघू. आधी ये.

चिंतूकाका