बोंबल्या आणि मामंजी

३ मार्च, मंगळवार

आज परत बोंबलला! भर दुपारी. इस्पितळाच्या धुलाईघरातून येऊन नुकती कुठे पाठ टेकली होती. पहाटेपासून ओल्या चादरी ओढून खांदे भरून आलेले, आणि छतावरचा तो पांढरा स्मोक डिटेक्टर सुरू! गॅस बंद. धूर नाही, वास नाही. मामंजी खुर्चीवर चढायला निघालेले, ऐंशीव्या वर्षी! त्यांना खाली बसवलं आणि झाडूच्या दांड्याने त्याचं बटण दाबलं. तोवर शेजारीण दारात हजर — "आजोबांनी परत काही ठेवलं का गॅसवर?"

परत म्हणजे गेल्या महिन्यातलं दूध. मी झोपले होते, पातेल्याचा कोळसा झाला. "माझंच चुकलं," म्हणाले मामंजी. तेव्हापासून नवऱ्याने वृद्धाश्रमाचा धोशा लावलाय. आज जेवताना सरळ बोललाच — "अजून एकदा झालं की मी नाव घालणार. उद्या घर पेटलं तर?" मामंजी समोरच बसलेले. मान खाली घालून जेवत राहिले. फार वाईट वाटलं. पण भांडायला अंगात जीव हवा ना!

खोट त्या यंत्रातच आहे. दाखवूनच देते.

५ मार्च, गुरुवार

अलार्मवाला आला. शिडीवर चढून बोंबल्या काढला, टेबलावर उघडला. मामंजींचे प्रश्न सुरू. त्यानेही हौसेने सांगितलं — "आत ही काळी डबी. इथे बारीक दिवा, आणि तिकडे आडोशाला प्रकाश टिपणारा डोळा. दिव्याचा उजेड त्याच्यापर्यंत सरळ पोचतच नाही. धूर आत शिरला की उजेड त्या कणांवर आपटतो, इकडेतिकडे उडतो, त्यातला थोडा डोळ्यात जातो. की लगेच बोंब!"

मामंजींची कळी खुलली. जन्मभर थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलेला माणूस. "अरे, हा तर आमचा झोत! हवा स्वच्छ असली की दिसायचा नाही. कुणी विडी पेटवली रे पेटवली की मशीनपासून पडद्यापर्यंत लख्ख."

डबीत निघाला कोळी. एवढासा! जाळीतून कसा शिरला देव जाणे. "याच्यावरूनही उजेड उडतोच," अलार्मवाला म्हणाला. "धूर की कोळी, ते डोळ्याला कसं कळणार?"

रात्री नवऱ्याला सांगितलं. "हं," म्हणाला. बस्स, एवढंच.

९ मार्च, सोमवार

परत! या वेळी मामंजी आंघोळ करून बाहेर आले आणि त्यांच्या मागोमाग वाफेचा लोट. बोंबल्या नेमका न्हाणीघराच्या दाराशी. कुणी बसवला तिथे? अकलेचा कांदा!

अलार्मवाल्याला फोन केला. "वाफ म्हणजे पाण्याचे थेंबच, वहिनी. त्यांच्यावरूनही उजेड उडणार. जागा बदलू. आणि हा जुना झालाय, नवाच लावून टाका." नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, लावायचाच.

१२ मार्च

चादरी. चादरी. चादरी.

१४ मार्च, शनिवार

अलार्मवाल्याने नवा लावला. न्हाणीघरापासून लांब, पॅसेजच्या पार टोकाला. हा म्हणे शहाणा आहे. एकदा उजेड दिसला की लगेच ओरडत नाही. थांबून पुन्हा बघतो, परत बघतो. वाफेचा झोका येतो नि जातो, धूर टिकून राहतो, वाढत जातो. धूळ तर महिनोन्‌महिने हळूहळू साचते, तेवढी तो हिशेबात धरून चालतो. शिवाय आत दोन रंगांचे दिवे. वाफेचे थेंब मोठे, धुराचे कण बारीक. दोन्ही रंग कसे उडतात त्यावरून फरक ताडतो.

"म्हणजे खोटं ओरडणारच नाही?" मी विचारलं.

"कधीच नाही असं कुठलंच यंत्र नसतं. पण हा ओरडला तर आधी घर बघा, मग याला शिव्या द्या."

मामंजी टाळ्या वाजवून हसले. मलाही बरं वाटलं. आज कितीतरी दिवसांनी चहा गरम असताना प्यायले.

१९ मार्च, गुरुवार

ओरडला.

गाढ झोपेतून उठून धावले. स्वयंपाकघरभर धूर, खिडकी सताड उघडी. मामंजी मोरीपाशी उभे राहून काळंठिक्कर पातेलं घासतायत. बटाटे जळून तळाला चिकटलेले. "मीच ठेवले होते उकडायला. विसरलो बघ."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्यासाठी मी त्या यंत्राशी भांडले, मामंजी! आता काय सांगू ह्यांना?" ते घासतच राहिले. "खरं तेच सांग," म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण! सगळ्या खोट्या हाका मीच एकेक करून बंद केल्या. आता उरला तो खराच धूर.

२० मार्च

नवऱ्याने नाव घातलं. मी अडवलं नाही. काय तोंडाने बोलणार? यंत्र बरोबर, नवरा बरोबर. आणि लाज वाटते लिहायला, पण मनात आलंच — चला, एक काळजी कमी. मग उशीत तोंड खुपसून रडले.

२४ मार्च, मंगळवार

मामंजींनी विचारलं, "तिकडे सिनेमा दाखवतात का गं?" मी म्हटलं, विचारून सांगते. विचारायला झालं नाही. बसल्या जागी डोळा लागतो हल्ली. काल धुलाईघरात इस्त्रीच्या मशीनपाशी उभ्या उभ्या लागला. मुकादमबाई ओरडली.

२८ मार्च, शनिवार

आज नवरा आणि मामंजी वृद्धाश्रमाची जागा बघायला गेले. आवडली तर आजच सही.

दुपारी बोंबल्या ओरडला. धावले. गॅसवर दुधाचं पातेलं, कोळसा झालेलं. घरात मी एकटी! गॅस कधी पेटवला, दूध कधी ठेवलं, काही आठवत नाही. काही म्हणजे काही नाही.

खाली बसले. मग फोन लावला. मामंजींनी उचलला.

"मामंजी, ते बटाटे मी ठेवले होते ना? आणि तेव्हाचं दूध?"

हळूच म्हणाले, "म्हातारा विसरला तर कुणी काही म्हणत नाही, पोरी. तुला मात्र फाडून खाल्लं असतं. खिडकी उघडलीस का आधी?"

म्हटलं, सही करू देऊ नका. मी न्यायला येतेय.