अभनपुरले गेलेली भूक

चौबे कॉलोनी, रायपूर

आई,

तुमच्या सुनेचा नमस्कार. हे पत्र मी टाकणार नाही, कारण तुम्ही ते अख्ख्या पाऱ्याले, सगळ्या मोहल्ल्याले वाचून दाखवाल.

फोडणीवरून आपलं भांडण झालं आन् तुम्ही अभनपुरले धाकट्या भाऊजींकडे निघून गेल्या. मले वाटलं, स्वयंपाकघर आता माझं झालं. पण त्या दिवसापासून माझी भूकच गेली. दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगते. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल निघाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट आन् मेंदू सारखे एकमेकांशी बोलत असतात. भुकेचं हार्मोन रोजच्या सवयीनं वेळेवर सुटते. घरात काही बदललं काय?"

मी म्हटलं, "नाही."

शेजारी आपली राधिका बसली होती. ती म्हणाली, "दादी चली गई ना. रोज ग्यारह बजे दोनों लड़ती थीं, फिर मम्मी खाना खाती थी."

बाईंनी गोळ्या लिहिता लिहिता पेन खाली ठेवला.

म्हणून काल लोणचं द्यायचं निमित्त करून मी अभनपुरले आली. तुम्ही बरणी उघडून म्हणाल्या, "तेल कमी आहे." मी म्हटलं, "पुरेसं आहे." पंधरा मिनिटं भांडलो, मग मी चार पोळ्या खाल्ल्या. धाकटी जाऊ माझ्या कानात म्हणाली, "ताई, महिन्याभरानं आज आईंनी भात परत मागून घेतला."

रविवारी तुम्हाले घ्यायले येते. काहून म्हणून विचाराल, तर डॉक्टरनं सांगितलं म्हणीन. तुमची आठवण येते, हे माझ्या तोंडून निघणार नाही.

तुमची,
स्नेहल